पुढचा कोण?

पन्नाशीनंतर माणसाने नवीन काही शिकू नये, असं माझं मत नाही. ते माझ्या बायकोचं मत आहे, आणि आमच्या घरात मत एकच असतं. तरीही पाणीपुरवठा खात्याने पन्नाशी उलटलेल्या कारकुनांना बारा आठवड्यांच्या संगणक वर्गाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा पहिला हात मी वर केला. त्यात ज्ञानाची तहान किती आणि मंगळवारी-गुरुवारी चार वाजता कार्यालयातून सुटण्याची ओढ किती, हा हिशोब मी कधी मांडला नाही.

वर्गात ‘सी’ नावाची भाषा शिकवत. जिचं नावच एका अक्षराचं ती भाषा फार तर पंधरा दिवसांची, असा माझा अंदाज होता. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या मला ‘सर’ म्हणत आणि माझं काही बिघडलं की “सर, थोडंसं चुकलंय,” म्हणत. पहिल्या दिवशी थोडंसं म्हणजे सत्तावन्न चुका होत्या. खरं तर मी एकच अर्धविराम विसरलो होतो. बाकीच्या छप्पन्न चुका म्हणजे त्या एका चुकीचे नातेवाईक होते, हे मला तासाभराने समजलं. लग्नकार्यात असं होतं, म्हणून मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने एक प्रोग्राम लिहून द्यायचा होता, त्यात लिंक्ड लिस्ट हवी आणि फाइल हवी. लिंक्ड लिस्ट म्हणजे यादीच, पण तिच्यात सगळी नावं एकाखाली एक नसतात. प्रत्येकाला फक्त आपला पुढचा कोण एवढंच ठाऊक असतं. पहिल्याला धरलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि शेवटचा कोणाकडेच नाही. या बोटाला पॉइंटर म्हणतात. फाइल कशाला, तर संगणक बंद केला तरी यादी शिल्लक राहावी म्हणून. एवढं कळल्यावर मला आपण संगणकशास्त्राच्या उंबरठ्यावर उभे आहोत असं वाटू लागलं, आणि त्याच भरात मी घरी जेवताना म्हणालो, “बाबांच्या संघाची कानाची यादी मी संगणकावर घेतो.”

बाबा म्हणजे माझे सासरे. ते आमच्याकडेच राहतात. दोन वर्षांपासून त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. आमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या संघात दर चार महिन्यांनी कानाचे डॉक्टर यायचे, तपासून तिथल्या तिथे कानात यंत्र बसवून द्यायचे, आणि एका खेपेला बारा जणच बघायचे. त्यासाठी नावं लिहिण्याची एक वही होती. बाबांचं नाव तिच्यात अकरा महिन्यांपूर्वी लागलं होतं.

आता हे सांगायला हवं, की सासऱ्यांना ऐकू न येणं ही जावयाच्या दृष्टीने सर्वस्वी वाईट गोष्ट नव्हे. पण रविवारी सकाळी त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे बायकोच्या आत्याचा, फोन येई. आत्या शहाऐंशीच्या. पूर्वी ही भावंडं तासभर बोलत आणि भांडत. आता बाबा फोन कानाला लावत, दोन मिनिटं “बरं, बरं” म्हणत आणि फोन लेकीकडे देऊन खिडकीपाशी जाऊन बसत. एकदा आत्या पलीकडून रडत होत्या आणि हे “बरं, बरं” म्हणत राहिले. ते त्यांना मागाहून कळलं. त्यानंतर रविवारी सकाळी ते फिरायला जाऊ लागले. बायको म्हणाली, “काय करायचं ते करा, पण या खेपेला बाबांचा नंबर चुकता कामा नये.” बारा आठवड्यांत तिने माझ्या संगणकाबद्दल काढलेलं हे पहिलंच वाक्य.

संघाचे चिटणीस म्हणजे नियमांत मुरलेला माणूस. वही हवी म्हटल्यावर त्यांनी तीन प्रतींत अर्ज मागितला. तिसरी प्रत कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “दुसरी हरवली तर.” अर्ज कार्यकारिणीपुढे गेला, ठराव झाला, वही मला तीन तासांसाठी मिळाली. चिटणीस शेजारी खुर्ची टाकून बसले आणि मी तेवीस नावं संगणकात भरली. भरून झाल्यावर त्यांनी ठरावाचं दुसरं कलम वाचलं: ‘एकाच गोष्टीच्या दोन नोंदी राहिल्यास गोंधळ संभवतो, सबब जुनी वही रद्द समजावी.’ आणि त्यांनी वहीची पानं माझ्यासमोर फाडली, आधी उभी, मग आडवी. मला तेव्हा अभिमान वाटला.

प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तेव्हा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोनच शब्द सांगून बंद पडला. काय झालं, कुठे झालं, काही नाही. आमचे साहेब रजेचा अर्ज असाच परत करतात, तेव्हा त्याची मला सवय होती. वरच्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांच्या भाच्याचं संगणकाचं दुकान आहे आणि म्हणून ज्यांना संगणकातलं सगळं कळतं, खाली आले आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करा म्हणाले. ते केलं. मग त्यांनी पंख्याखाली ठेवून बघा म्हणून सांगितलं. तेही केलं. शेवटी लेकीला विचारलं. ती दुसऱ्या गावी याच विषयाच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि बापाशी तारेच्या भाषेत बोलते. तिचा निरोप आला: ‘माणसाला बसवण्याआधी खुर्ची मागवा. malloc.’ म्हणजे यादीत नाव ठेवण्याआधी संगणकाकडे त्याच्यापुरती जागा मागावी लागते. मी थेट नावंच बसवत होतो आणि ती जमिनीवर पडत होती.

जागा मागितल्यावर यादी उमटली. फक्त तेवीसऐवजी चोवीस नावं उमटली. शेवटचं नाव दोनदा होतं. ते होतं विमावाल्यांचं. जन्मभर विमा विकलेले हे गृहस्थ महिन्यापूर्वीच संघात आले होते आणि यादीत शेवटचे होते. मी ही गंमत म्हणून त्यांना सांगितली, हा माझा मूर्खपणा.

“राहू द्या की तसंच,” ते म्हणाले. “कान दोन आहेत, नंबर दोन.”

“अहो, ही प्रोग्रामची चूक आहे.”

“चूक कशी? संगणकाने विचार करूनच दिलं असेल. तुम्ही कशाला त्यात हात घालता?”

हात घालायला नको होता, हे मात्र त्यांचं खरं ठरलं. फाइल संपली की नाही हे मी एक पाऊल उशिरा बघत होतो, म्हणून शेवटचा माणूस दोनदा वाचला जात होता. ते दुरुस्त करता करता फाइल उघडण्याच्या ओळीत मी ‘आर’च्या जागी ‘डब्ल्यू’ लिहिला. आर म्हणजे वाचायला, डब्ल्यू म्हणजे लिहायला. मला वाटलं, लिहायला उघडली तर वाचताही येईल, आम्ही कार्यालयात एकाच फाइलीत दोन्ही करतो. पण संगणकाला ‘लिहायला उघड’ म्हटलं की तो आधी पाटी पुसतो. मी प्रोग्राम चालवला. चूक एकही आली नाही. नावही एकही आलं नाही.

मी फाइलचा आकार बघितला. शून्य.

लेकीला कळवलं. तिचं उत्तर आलं: ‘बाबा, डब्ल्यूने पुसलं जातं. जुनी प्रत असेलच ना?’ जुनी प्रत चिटणीसांनी उभी-आडवी फाडली होती आणि डॉक्टर यायला नऊ दिवस राहिले होते.

बायकोला सांगायचं की नाही, यावर मी स्वयंपाकघराच्या दारात थोडा वेळ उभा राहिलो. तिने मागे वळून न बघताच विचारलं, “काय घालवलंत?” सव्वीस वर्षांच्या संसारात माणसाचा उभं राहण्याचा आवाजही ओळखू येतो.

मार्ग मात्र मलाच सुचला, आणि तो सुचला तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. लिंक्ड लिस्टला पूर्ण यादी लागतेच कुठे? प्रत्येकाला आपला पुढचा ठाऊक असला की पुरे. वहीत प्रत्येकाने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं होतं. आपला नंबर कोणता हे निम्म्यांना सांगता येणार नाही, पण आपल्याजवळचं नाव कोणाचं हे कोणी विसरत नाही. मी तेवीस चिठ्ठ्या छापल्या. वर ‘नाव’, खाली ‘पुढचा’. आणि दुसऱ्या दिवशी संगणक काखेत मारून संघाच्या दिवाणखान्यात जाऊन बसलो.

बहुतेकांनी चष्मे घरी ठेवलेले. त्यामुळे मीच प्रत्येकाला मोठ्याने विचारलं, “तुमच्या पुढे कोण?” आणि ते म्हणाले ते लिहून घेतलं. विमावाले म्हणाले, “माझ्या पुढे ते दम्यावाले.” पोस्टातल्या बाई म्हणाल्या, “माझ्या पुढे तुमचे सासरे.” या बाईंनी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढलेली, अजूनही बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे किती लोक आहेत ते बघतात. यादीत सर्वांत जुने असलेले निवृत्त फौजदार म्हणाले, “माझ्या पुढे कोणीही नाही. लिहा, कोणीही नाही.” ती जागा मी रिकामी ठेवली. बाबांना विचारून काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, विचार केला आणि लिहून परत दिली. बावीस जणांनी कानाने उत्तर दिलं, एकाने डोळ्यांनी. तेव्हा मला यात काही विशेष दिसलं नाही.

चिठ्ठ्या भरल्या. ज्याचं नाव कोणीच पुढचा म्हणून घेतलं नव्हतं तो यादीचा पहिला, हे उघड होतं. चिठ्ठ्या चाळताना असे पहिले सापडले ते विमावाले, आणि आणखी कोणी आहे का हे मी बघितलंच नाही. त्यांच्यापासून सुरुवात करून मी संघाच्याच छपाईयंत्रावर यादी काढायला घेतली. पंधरा नावं सुरळीत आली. पंधरावं नाव पानवाल्यांचं. सोळावं पोस्टातल्या बाईंचं, सतरावं बाबांचं. मग पुन्हा पोस्टातल्या बाई. मग बाबा. मग बाई. मग बाबा. पान संपलं, दुसरं आलं. बाई, बाबा, बाई, बाबा.

मी बटणं दाबली. छपाईयंत्राला त्यांची फिकीर नव्हती. चिटणीसांनी शेवटी भिंतीतून तार ओढली तेव्हा एकतीस पानं झाली होती, आणि दिवाणखान्यातली सगळी मंडळी ती पानं एकमेकांना देत होती. फौजदारांनी एक पान दूर धरून शांतपणे वाचलं आणि विचारलं, “हे प्रकरण केव्हापासून सुरू आहे?”

पोस्टातल्या बाईंनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या. बाबांना काय झालं ते कळलं नाही. सगळे आपल्याकडे बघून हसत आहेत म्हटल्यावर तेही हसले. गेली दोन वर्षं ते असंच करत होते, आणि तेवढ्यापुरता मला स्वतःचा फार राग आला.

राग मात्र काढला त्यांच्यावर. कारण घरी येऊन चिठ्ठ्या चाळल्या तेव्हा चूक सापडली. बाईंच्या चिठ्ठीवर पुढचा म्हणून बाबा, आणि बाबांच्या चिठ्ठीवर पुढच्या म्हणून बाई. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते. प्रोग्राम बिचारा त्या दोघांत येरझाऱ्या घालत होता.

“बाबा,” मी त्यांच्या कानाशी ओरडलो, “तुमच्या पुढे कोण होतं?”

“पोस्टातल्या बाई.”

“त्या कशा? त्या तर म्हणतात, तुम्ही पुढे.”

“हो. मी नाव लिहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.”

“मग त्या मागे झाल्या! मी पुढे विचारतोय, पुढे!”

“पुढे त्याच ना. माझ्यानंतर पेन त्यांनाच दिलं.”

“तुमच्या आधी कोणी लिहिलं?”

“त्या विड्या सोडलेल्या ड्रायव्हरने.”

“मग ते लिहायचं! चिठ्ठी नीट वाचायची ना! तुमच्या एकट्यामुळे माझी सगळी यादी बिघडली, एकतीस पानं वाया गेली आणि त्या बाईंची बेअब्रू झाली ती वेगळीच!”

हे सगळं मला ओरडून म्हणावं लागलं. खिडक्या उघड्या होत्या. वरच्या मजल्यावरचे शेजारी जिन्यात येऊन उभे राहिले. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मग “बरं, बरं,” म्हणाले आणि आत गेले.

मी बाबांच्या चिठ्ठीवर काट मारून ‘ड्रायव्हर’ लिहिलं. प्रोग्राम चालवला. तेवीस नावं, कोणी दोनदा नाही, कोणी गहाळ नाही, प्रत्येक चिठ्ठी जुळलेली. पहिले विमावाले, तेविसावे फौजदार. पूर्वी विमावाले शेवटी होते हे मला आठवलं, पण जुळलेल्या तेवीस चिठ्ठ्यांपुढे स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवणारा मी नव्हे. बाबा सतरावे. सतरावे म्हणजे या खेपेला नंबर नाही, आणखी चार महिने. बायकोने यादी वाचली, घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवली. मी मात्र मनातून थोडा फुललो होतो. स्वतःच्या सासऱ्याला सतरावा नंबर देणारा माणूस आजकाल कुठे बघायला मिळतो?

चिटणीसांचंही तेच म्हणणं पडलं. त्यांनी यादीवर सही केली, शिक्का मारला, ती फलकाच्या काचेआड लावली आणि काचेला कुलूप घातलं. “नात्यागोत्याला थारा नाही,” ते सर्वांदेखत म्हणाले, “याला म्हणतात आदर्श.” फौजदार तक्रार घेऊन आले. आपण सर्वांत जुने असून शेवटी कसे, असं त्यांनी विचारलं. प्रत्येकजण असंच म्हणतो, असं उत्तर त्यांना मिळालं. आणखीही पाच-सहा जण म्हणाले, आम्ही वरचे होतो. पण खालचे असून जे वर आले होते त्यांना संगणकात काहीच खोट दिसत नव्हती. विमावाले तर फलकापाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “यंत्राला पक्षपात माहीत नाही.” फौजदार मात्र जाताना मला म्हणाले, “गुन्हा घडलाय. कुठे घडलाय ते अजून कळलेलं नाही.”

डॉक्टर शनिवारी यायचे होते. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता दार वाजलं. दारात पोस्टातल्या बाई. एकतीस पानांचा विषय निघणार म्हणून मी आधीच दोन्ही हात जोडले.

“ते राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मला एक सांगा. माझ्या पुढे तुमचे सासरे, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. मग फलकावर ते माझ्या खाली कसे?”

“कारण ते तुमच्या पुढचे. तुम्ही सोळाव्या, पुढचे सतरावे.”

त्यांनी माझ्याकडे खिडकीत चुकीचा फॉर्म घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

“रांगेत उभं राहिल्यावर आपल्या पुढे कोण असतो?”

“जो… आपल्या आधी आलेला.”

“आणि मी खिडकीतून ‘पुढचा!’ म्हणून हाक मारली की कोण येतो?”

माझे जोडलेले हात खाली आले.

“मागचा येतो,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं मी पुढचा म्हणून ओरडले आणि तीस वर्षं मागचाच आला. तुमच्या चिठ्ठीवर काय छापलंय?”

“पुढचा.”

“आणि तोंडाने काय विचारलंत?”

“तुमच्या पुढे कोण.”

“झालं तर. आम्ही सगळ्यांनी आपापल्या आधीच्याचं नाव सांगितलं. चिठ्ठीवर जे छापलं होतं त्याचं बरोबर उत्तर एकाच माणसाने दिलं, कारण त्याला तुमचा प्रश्न ऐकूच आला नाही.”

आतल्या खोलीत बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. बायको दारात उभी होती.

यादी उलटी होती, एवढंच. सुलटी केली की फौजदार पहिले, बाबा सातवे, बाई आठव्या, विमावाले तेविसावे. प्रोग्राममध्ये ते काम सहा ओळींचं. मी तेवढ्यातच यादी काढली आणि ती काढल्यावर माझ्या लक्षात आलं, की आता खरी अडचण सुरू होते. आदर्श म्हणून ज्याचा सत्कार व्हायचा तेवढा राहिला होता, त्या माणसाने डॉक्टर यायच्या आदल्या संध्याकाळी यादी बदलली आणि त्याचा सासरा सतराव्यावरून सातव्यावर आला. हे ऐकून मी स्वतः काय म्हणालो असतो, ते मला ठाऊक होतं.

“गुपचूप कागद बदला की,” बायको म्हणाली. पण काचेला कुलूप, किल्ली चिटणीसांकडे, आणि चिटणीस फोनवर म्हणाले, “सही-शिक्का झालेली यादी बदलायची तर कारणासह जाहीर निवेदन लागतं. कारण काय?” मी म्हटलं, उद्या सांगतो. एका रात्रीत सुचेल असं दुसरं कारण नव्हतंच.

शनिवारी सकाळी नऊ वाजता दिवाणखाना भरलेला. डॉक्टर एका कोपऱ्यात टेबलावर पेट्या उघडून बसले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “यादी उलटी छापली गेली आहे. चूक माझी आहे.”

पुढचं वाक्य माझं नव्हतं, विमावाल्यांचं होतं. “बघा! सासऱ्याचा नंबर लागेना म्हटल्यावर यंत्र चुकलं! परवापर्यंत बरोबर होतं ना?”

गलका झाला. वर आलेले सगळे त्यांच्या बाजूने, खाली गेलेले सगळे माझ्या बाजूने, आणि माझ्या बाजूचे जे बोलत होते त्यामुळे माझी बाजू आणखीच वाईट दिसत होती. मी ‘पुढे’ आणि ‘पुढचा’ यांतला फरक समजावू लागलो. व्याकरणाने कोणाचं कधी समाधान झालं आहे? चिटणीस नियमांचं पुस्तक चाळू लागले.

तेवढ्यात पोस्टातल्या बाई उठल्या. दिवाणखान्याच्या मधोमध जाऊन त्यांनी खिडकीतला आवाज काढला. “सगळे उठा. चिठ्ठीत ज्याचं नाव ‘माझ्या पुढे’ म्हणून सांगितलंत, त्याच्या मागे जाऊन उभे राहा. ज्याने कोणीही नाही म्हणून सांगितलं, त्याने डॉक्टरांच्या टेबलापाशी.”

फौजदार ताडताड गेले आणि टेबलापाशी उभे राहिले. त्यांच्यामागे एकजण, त्याच्यामागे दुसरा. गुडघे धरत, काठ्या सावरत माणसं आपापल्या जागी लागली. कोणाला विचारावं लागलं नाही, कोणाचा वाद झाला नाही. बाबांना मी हाताला धरून ड्रायव्हरच्या मागे उभं केलं, आणि बाई स्वतः त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. कोणी हसलं नाही. सर्वांत शेवटी विमावाले निघाले. दम्यावाल्यांना त्यांनीच आपल्या पुढे म्हणून सांगितलं होतं, तेव्हा त्यांच्या मागे जाण्यावाचून इलाज नव्हता. ते जाऊन उभे राहिले, समोरच्या बावीस पाठी बघितल्या, मग मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

“हं,” विमावाले म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं छोटं वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

चिटणीसांनी कुलूप काढलं. माझं काम तिथे संपायला हरकत नव्हती. पण बाबा रांगेत सातव्या जागी उभे होते आणि आपण इथे का उभे आहोत हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेलो. ऐकू न येणाऱ्या माणसावर रागावणं जसं खासगीत जमत नाही, तशी त्याची माफीही हळूच मागता येत नाही.

“बाबा, तुमचं बरोबर होतं.”

“काय?”

“तुमचं बरोबर होतं! माझी चूक झाली!”

“काय म्हणतोस?” त्यांनी हात कानामागे धरला.

“माझी चूक झाली!” मी अशा आवाजात ओरडलो की डॉक्टरांनी पेटीवरून मान वर केली. “तुम्ही चिठ्ठी बरोबर वाचलीत! मी उगाच तुमच्यावर ओरडलो! मला माफ करा!”

ज्यांना कमी ऐकू येतं म्हणून नाव लावलं होतं, त्या सगळ्यांना हे स्वच्छ ऐकू गेलं होतं.

“बरं, बरं,” बाबा म्हणाले.

साडेअकराला त्यांचा नंबर लागला. यंत्र दोन्ही कानांत बसलं. पहिला दिवस त्यांनी नळ, खुर्ची, जिना असं एकेक ऐकण्यात घालवला. रविवारी सकाळी ते फिरायला गेले नाहीत. आत्यांचा फोन आला. बाबा एक तास दहा मिनिटं बोलले, त्यातली वीस मिनिटं भांडले, आणि त्या भांडणाचा विषय साठ वर्षांपूर्वी हरवलेली एक छत्री हा होता. बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकत उभी होती. तिने डोळे पुसले आणि मला चहा दिला. तो मी मागितलेला नव्हता.

फोन ठेवून बाबा माझ्याजवळ येऊन बसले. मी संगणकावर वर्गासाठी तोच प्रोग्राम नीट लिहीत होतो. ‘पुढचा’ हा शब्द काढून ‘नंतरचा’ घातला होता.

“टाइप करताना तू पुटपुटतोस,” ते म्हणाले.

“हो का? आता तुम्हाला सगळंच ऐकू येणार म्हणजे.”

“ऐकू यायच्या आधीही दिसायचं. दोन वर्षांत ओठांवरून बरंच कळायला लागलं होतं, समोरचा तोंड मोठं करून बोलला तर.” त्यांनी चष्मा पुसला. “काल तू माफी मागितलीस, ती मला पहिल्या खेपेलाच कळली होती.”

मी हात थांबवले.

“मग आणखी दोनदा कशाला वदवून घेतलीत?”

“मी सातवा होतो,” बाबा म्हणाले. “माझ्या मागे सोळा जण होते. त्यांनाही ऐकू जायला नको?”